जुन्या डिझेल जीपला केबिन हीटर : डिझेल मेन टाकीतून घ्यावं की वेगळी टाकी लावावी?

फोरबायफोर_आर्वी
राम राम मंडळी. माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे. पेजोचं डिझेल इंजिन, वर लोखंडी हार्डटॉप. एरवी तिचं काम म्हणजे शेतात खतं नेणं आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या लोकांना बाहेर काढणं. फेब्रुवारीत आम्ही चौघं तिला घेऊन स्पितीला निघतोय. कुंझुम खिंड तेव्हा बंद असते म्हणून शिमला, कल्पा, नाको, ताबो करत काझापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं.

गाडीत हीटर नाही. इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा बसवता येईल, पण तो इंजिन चालू असेपर्यंतच. आम्हाला रात्री गाडीत झोपावं लागलं तर? म्हणून पाच किलोवॅटचा चिनी डिझेल हीटर मागवला. सध्या तो ओसरीवर पडलाय आणि आई येताजाता विचारते, "हे कूलर कोण्या जातीचं आणलं रे?"

प्रश्न डिझेलचा आहे. इथले मिस्त्री म्हणतात फिल्टरच्या अलीकडे इंजिनाच्या डिझेल लाईनीत टी (तीन तोंडांचा जोड) मारून देतो, अर्ध्या तासाचं काम. एक मित्र म्हणतो टाकीत वेगळी नळी सोड. दुसरा म्हणतो वेगळी छोटी टाकीच लाव. ज्यांनी प्रत्यक्ष बसवलाय किंवा ज्यांना डिझेल लाईनचं कळतं त्यांनी सांगा.

रिकामटेकडा
आर्वीच्या माणसानं हीटर घेतला. आता काझाचा कोणी कूलर घेतला की हिशेब बरोबर.

ऑरेंजसिटी
हसू नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ वर आला होता. आमच्याकडे स्वेटर फक्त लग्नाच्या अल्बममध्ये असतात, त्यामुळे त्या दिवशी सगळं शहर शाली गुंडाळून फिरत होतं.

बैलबंडी
हीटर प्लग चारही बदलून टाका भाऊ, सकाळी एका सेल्फात चालू होईल. एवढ्यासाठी टी कशाला?

फोरबायफोर_आर्वी
@बैलबंडी, इंजिनाचे प्लग ठीक आहेत हो. हा हीटर माणसांसाठी आहे.

नोझलमास्तर
टी मारू नका. का ते सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर हिवाळ्यात कुठे ना कुठे निघतोच.

तुमच्या गाडीत टाकी खाली, तिच्यातून डिझेल ओढणारा फीड पंप इंजिनावर. म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची आहे. तिथे दाब नसतो, उलट किंचित निर्वात असतो. अशा लाईनीत डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून कुठे लीक आहे ते दिसतही नाही. त्यात तुम्ही टी टाकला की सांधे वाढले. शिवाय इंजिन बंद असताना हीटरचा पंप त्या टी मधून ओढतो, तेव्हा त्याला टाकीकडूनच डिझेल येईल याची हमी नाही. फीड पंपाचे व्हॉल्व्ह झिजलेले असतील तर तो फिल्टरकडूनही ओढतो. रात्रभर माणसं गरम, सकाळी फिल्टर रिकामं.

फीड पंपाच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला टी मारला तर आणखी वाईट. हीटरचा डोझिंग पंप मोजून थेंब सोडण्यासाठी बनवलेला असतो. मागून दाब आला की डिझेल त्याच्यातून आपोआप पुढे सरकतं, बर्नर भिजतो आणि पहिल्याच स्टार्टला गावजेवणाएवढा पांढरा धूर निघतो.

राहिले दोन मार्ग, टाकीत स्वतंत्र नळी किंवा स्वतंत्र टाकी. दोन्ही चालतात. कोणता घ्यायचा हे तुम्ही कुठे जाता त्यावर ठरतं.

कास्तकार_दारव्हा
भाऊ, स्पितीचं तुमचं तुम्ही पाहा, पण मले हे हीटर कामाचं वाटून रायलं. आमच्याइकडे पंपाले लाईन कधी दिवसाची, कधी रात्रीची. डिसेंबरात बारा वाजता रात्री हरभऱ्याले पाणी द्याले जा लागते. वरून रानडुकरं अन् रोह्यांसाठी जागल. शेकोटी पेटवली त तिच्यापासून उठाव वाटत नाई, तवर डुक्कर हरभऱ्याची अर्धी ओळ साफ करून जाते. ट्रॉलीवर ताडपत्री टाकून ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल घेतलं त हे चालन काय? अन् पिते किती?

नोझलमास्तर
@कास्तकार_दारव्हा, पितो कमी. या हीटरच्या पंपावर बहुतेक '२२ मिली' असं छापलेलं असतं. म्हणजे हजार ठोक्यांना २२ मिली. मंद आचेवर सेकंदाला दीडेक ठोका धरला तर तासाला १२० मिलीच्या आसपास, पूर्ण आचेवर अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. रात्रभर मंद ठेवला तर लिटर-सव्वा लिटर. पण वीज लागते. पेटताना आतला प्लग तापवायला आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर पंखा आणि पंप थोडक्यात भागवतात. ट्रॅक्टरची बॅटरी आधीच दमलेली असेल तर सकाळी धक्का मारायला गडी बोलवावा लागेल.

ताडपत्रीबद्दल मात्र कोणीतरी नीट लिहा, मी आता दुकानात आहे.

अनुराधा_अमरावती
मी लिहिते. ताडपत्रीच्या आत हा हीटर बसवून झोपायचं असेल तर आधी त्याचे चार रस्ते समजून घ्या दादा. खोलीतली हवा आत जाते आणि गरम होऊन बाहेर येते, हे दोन मोठे रस्ते. खालून दोन बारीक नळ्या असतात, एकीतून जळणासाठी हवा जाते, दुसरीतून धूर बाहेर येतो. मोठे रस्ते आणि बारीक रस्ते एकमेकांत कधीच मिसळता कामा नयेत. धुराची नळी ट्रॉलीच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जळणाची हवाही बाहेरूनच, पण धुराच्या तोंडापासून लांब.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणसाला वाटतं की दिवसभराच्या कामानं झोप आली. दरवर्षी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म मिळतो. तो घेतल्याशिवाय ना ट्रॉलीत झोपा ना जीपमध्ये.

दुसरं, धुराची नळी भाजेल इतकी तापते. ट्रॉलीत कुटार, पऱ्हाटी, कापसाचं बोंड काहीही उरलेलं असतं. तेवढं पुरे.

कास्तकार_दारव्हा
ताई, कुटाराचं डोक्यातच नव्हतं आलं. मग शेकोटीच बरी म्हना, निदान दिसते तरी कुठं पेटली ते.

मेळघाटी
शेकोटीच बरी. तिच्यात पानगे भाजता येतात. हीटरवर पानगे भाजून दाखवा कोणी.

रिकामटेकडा
पानगे आणि वांग्याची भाजी म्हणाल तर मी डिझेल घेऊन येतो. कोणत्या शेतात?

मेळघाटी
सेमाडोहच्या अलीकडे या. पण रात्री गाडीतून उतरायचं नाही, आमच्याकडे जागल करणारे पट्टेवाले आहेत.

डोंगरवाट_पुणे
मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या गाडीत असाच हीटर आहे, मेन टाकीत स्वतंत्र नळी सोडून. मला वेगळी टाकी हा प्रकार पटत नाही. एक झाकण, एक इंधन, एकच काटा पाहायचा. दुसरी टाकी म्हणजे गळायला दुसरी जागा. फक्त नळी तळापर्यंत नेऊ नका. चार बोटं वर ठेवा. म्हणजे तुम्ही रात्रभर हीटर चालवला तरी शेवटचं डिझेल इंजिनासाठी उरतं, आणि तळाचा गाळ-पाणी हीटरमध्ये जात नाही.

नवीन कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांवाल्यांनी तर इंजिनाच्या लाईनीला हातही लावू नये. तिथे रेलमध्ये हजार-दीड हजार बारचा दाब असतो आणि परतीचं डिझेल गरम आणि फेसाळ असतं. फेसाळ डिझेल हीटरला दिलं की ज्योत विझत-पेटत राहते.

मिस्त्री_दिग्रस
पुनेवाले भाऊ बरोबर सांगून रायले, पण आमच्या गाड्यांचं त्यांले माहीत नाई. एमएमची टाकी उघडून पाहा. वर्षानुवर्षं ड्रमातलं डिझेल नरसाळ्यानं ओतलेलं, नरसाळ्यात कधी फडकं असते कधी नसते. अर्धी टाकी ठेवून पावसाळा काढला की आत भिंतीले घाम सुटते अन् पाणी तळाशी बसते.

ट्रॅक्टरवाल्यांनी एक करा. फीड पंपाखाली काचेची वाटी असते न, ती उन्हात धरून पाहा. वर डिझेल पिवळसर, खाली पाणी, मधात अशी स्वच्छ रेघ दिसते. कधी रेघेवर काळपट शेवाळ्यासारखं तरंगते. ते शेवाळंच समजा, पाणी अन् डिझेलच्या सीमेवर वाढते. आर्वीवाल्या भाऊंनी हीटर लावाच्या आधी टाकी उतरवा, धुवा, वाळवा. हीटरच्या पंपाची जाळी इतकी बारीक असते का एका चिमूटभर गाळानं बंद होते.

अन् टीचं म्हणाल त नोझलमास्तर बोलले ते खरं. माझ्याकडे एक जीप आली होती टी मारलेली. रोज सकाळी हवा धरे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हँड प्रायमर (डिझेल चढवाचा हातपंप) मारा, आधी नुसता फेस येते सूं सूं करत, मंग फेस अन् डिझेल, मंग बोटाएवढी अखंड धार. धार अखंड झाली की प्रायमर दाबलेलाच ठेवून स्क्रू कसा. तरी चालू नाई झाली त नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारा. हे आपल्या अंगणात ठीक आहे. बर्फात हातमोजे घालून स्क्रू सापडत नाई अन् काढून सापडते त बोटं सापडत नाई.

डोंगरवाट_पुणे
@मिस्त्री_दिग्रस, मान्य, टाकी धुतलीच पाहिजे. तरी माझं मत तेच, स्वच्छ टाकीत स्वतंत्र नळी. साधं ठेवा.

निवृत्त_हवालदार
मी चिखलीचा. नोकरीतली काही वर्षं लेहच्या बाजूला ट्रकवर काढली. पुणेकर साहेबांचं गणित मैदानात बरोबर आहे, वर चुकतं.

डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते मेण दाण्यासारखं वेगळं व्हायला लागतं, डिझेल आधी ढगाळ दिसतं, मग ते दाणे फिल्टरच्या कागदावर थर धरतात. टाकीत डिझेल पातळच असतं, पण फिल्टरपलीकडे जात नाही. लोकांना वाटतं टाकी गोठली. टाकी शेवटी गोठते, फिल्टर आधी मरतं.

आता तुम्ही आर्वीहून टाकी फुल्ल करून निघालात. आपल्या देशात डिझेलच्या मानकात उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन मर्यादा आहेत. घट्ट होण्याचा बिंदू उन्हाळ्यात जास्तीत जास्त १५ अंश, हिवाळ्यात ३ अंश. फिल्टर तुंबण्याची मर्यादा त्याहून वर, १८ आणि ६. प्रत्यक्ष डिझेल याहून बरं निघतं, पण हमी तेवढ्याचीच. काझाला फेब्रुवारीत रात्री उणे वीसच्या खाली सहज जातं. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी पानिपत रिफायनरीचं खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. तुमच्या वाटेवर ते कुठे मिळतं ते पंपावर विचारत चला.

हे माहीत असेल तर वेगळ्या टाकीचा मुद्दा सरळ आहे. ज्या रात्री इंजिनाचं डिझेल धरेल त्याच रात्री तुम्हाला हीटर लागणार. दोघांचं पोट एकच ठेवलं तर दोघं एकदम उपाशी. वेगळ्या टाकीत रॉकेल भरा, किंवा अर्धं रॉकेल अर्धं डिझेल. हीटर रॉकेलवर उत्तम जळतो, काजळीही कमी धरतो. तेच रॉकेल इंजिनात ढोसलं तर नोझलांना डिझेल देणाऱ्या रोटरी पंपाचं नुकसान, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं.

डोंगरवाट_पुणे
@निवृत्त_हवालदार, हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता असं नाही, पण मी उणे दहाच्या खाली कधी गेलो नाही. काझासाठी तुमचं बरोबर. लोणावळ्यासाठी माझं. :)

बैलबंडी
लोणावळ्याले हीटर लागते?

डोंगरवाट_पुणे
पुण्याच्या माणसाला सगळं लागतं.

ऑरेंजसिटी
रॉकेल आणणार कुठून? रेशनचं निळं रॉकेल आता दिसेनासं झालंय. आणि पंपावर कॅनमध्ये डिझेल मागितलं की पोऱ्या असा बघतो जणू आपण गाव जाळायला निघालोय.

नोझलमास्तर
कायदा पंपावाल्यापेक्षा सैल आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे डिझेलसारखा 'ब' वर्गाचा माल २,५०० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येतो, फक्त एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नको. कास्तकारांचे ड्रम त्यामुळेच चालतात. पण पंपावर वाद घालू नका, लोखंडी कॅन न्या, काम होतं. पाण्याच्या बाटलीत मागाल तर मीही देणार नाही.

अनुराधा_अमरावती
छोटी टाकी जीपच्या आत ठेवू नका बरं का. काही किटमध्ये टाकी हीटरलाच चिकटवलेली येते, सगळं एका डब्यात. झोपायच्या जागेत डिझेल, गरम धातू आणि धुराची नळी एकत्र! ती टाकी मागच्या दाराबाहेर, जेरी कॅनच्या पट्टीवर लावा.

फोरबायफोर_आर्वी
बापरे, दोन दिवस शेतात होतो, इकडे एवढं झालं. सगळ्यांचे आभार. टी रद्द. हवालदार साहेबांचं वाचून मित्रांशी बोललो, वेगळी टाकी नक्की केली. मागच्या दाराबाहेर जेरी कॅनची पट्टी आहेच.

दोन शंका. पंप कुठे आणि कसा लावायचा? माझ्या किटच्या कागदात चित्र आहे पण खाली सगळं चिनी. आणि उंचीवर हे हीटर काजळी धरतात असं ऐकलंय, ते किती खरं?

नोझलमास्तर
पंप टाकीजवळ लावा, हीटरजवळ नाही. हे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे. आडवा लावू नका. बाहेर जाणारं तोंड वर येईल असा तिरपा, म्हणजे आतला बुडबुडा स्वतःहून पुढे निघून जातो. रबरी पट्टीत टांगा, नाहीतर त्याचं टक-टक, टक-टक रात्रभर पत्र्यातून कानात येतं. नळी किटमधलीच पांढरी बारीक घ्या. लोक 'जास्त डिझेल जावं' म्हणून जाड नळी टाकतात आणि तिच्यात बुडबुडे बसून राहतात. बारीक नळीत डिझेल बुडबुड्याला ढकलत नेतं. जोड देताना दोन नळ्यांची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, मध्ये फट राहिली की बुडबुड्याला घर मिळतं.

पहिल्यांदा पेटवताना दोन-तीनदा एरर देईल. घाबरू नका, नळी भरायची असते. पण पंप चालवून चालवून भरू नका, बर्नर भिजेल. रिमोटवर प्रायमिंगचं बटण असतं, डिझेल हीटरच्या तोंडाशी आलेलं दिसलं की थांबा.

निवृत्त_हवालदार
उंचीचं खरं आहे. काझा साधारण ३,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापेक्षाही थोडा कमीच. हीटरचा पंखा तितकाच फिरतो पण त्या हवेत प्राणवायू कमी, डिझेल मात्र पंप पूर्ण मोजून टाकतो. अर्धं जळतं, अर्ध्याची काजळी. दोन-तीन रात्रींत धूर काळा होतो आणि मग पेटायलाच नकार.

काही नव्या रिमोटमध्ये उंचीची सोय असते, तुमच्यात आहे का पाहा. नसेल तर पंपाचे ठोके कमी आणि पंखा जास्त, असं सेटिंग हातानं करता येतं का बघा. रात्रभर मंद चालवला तर सकाळी बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं मोठ्या आचेवर ठेवा, काजळी जळून जाते. आणि बंद करताना बटणानंच बंद करा. बॅटरीची वायर ओढून बंद केला तर पंखा थांबतो, आतली उष्णता तिथेच राहते आणि सेन्सर जळतो.

मिस्त्री_दिग्रस
वायर! किटमधली वायर बारीक येते. बॅटरीपासून हीटरपर्यंत लांब पडली की व्होल्टेज पडते, मंग प्लग लाल होत नाई अन् माणूस डिझेललेच शिव्या देते. जाड वायर टाका, फ्यूज बॅटरीजवळ, सरळ बॅटरीवर. इग्निशनवर नाई.

कास्तकार_दारव्हा
आमच्या पोरानं हे सारं वाचलं अन् म्हनते बाबा, ट्रॉलीत नाई पण ट्रॅक्टरले पत्र्याचं केबिन करून लावू. धुराची नळी वर सायलेन्सरच्या बाजूनं काढू म्हनते. कुटाराचा प्रश्नच नाई. कसं वाटते ताई?

अनुराधा_अमरावती
कल्पना चांगली आहे. पण धुराची नळी वर नेली तर तिच्यात थंडीत पाणी साचतं आणि उलटं बर्नरकडे येतं. खालीच काढा, थोडा उतार देऊन, आणि खाली जमीन मोकळी ठेवा. सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक असू द्या, पाणी निघून जाईल. अलार्म विसरू नका. केबिनला एक खिडकी बोटभर उघडी.

कास्तकार_दारव्हा
बोटभर उघडी ठेवली त पुढं डुक्कर दिसते तरी. जमलं.

रिकामटेकडा
आर्वीवाले भाऊ, गाडीत चौघं म्हणालात. एमएममध्ये मागे पाचवा माणूस आडवा बसतो. हीटर पाहायला येऊ का?

फोरबायफोर_आर्वी
या, पण पानगे करता आले पाहिजेत. आणि हवा काढता आली पाहिजे.

रिकामटेकडा
हवा काढणं तर मी इथे रोज करतो.

मिस्त्री_दिग्रस
भाऊ, टाकी धुवाची असन त दिग्रसले आणा, येताना रिकामीच आणा. काट्याच्या फ्लोटची प्लेट उघडू, तिचं गॅस्केट जुनं असते, ते कॉर्कचं नवीन टाकू. साध्या ट्यूबच्या रबरचं कोणी कापून दिलं त घेऊ नका, डिझेलनं फुगते अन् वाकडं होते. नवीन फिल्टर दोन घेऊन ठेवा, एक लावू, एक सीटखाली. पान्याचा नंबर लिहून ठेवा त्याच्यावरच, बर्फात शोधा लागू नये.